मंगळवार-शुक्रवारचं दूध

"शनिवारी मला एका माणसाला चोर म्हणून घराबाहेर काढायचंय," आक्का दारातूनच म्हणाल्या. "त्याआधी तो खरंच चोर आहे का, एवढं मला सांगा."

बाई तेव्हा टेबलावर एक भलामोठा कागद पसरून उभ्या होत्या आणि जमादार त्याच्या कोपऱ्यांवर ठेवायला काहीतरी जड शोधत होते. 'चोर' हा शब्द कानावर पडताच त्यांनी हातातलं वजन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. तीस वर्षं पोलिसात काढून ते निवृत्त झाले होते, आणि बाईंच्या शेजारी राहायला आल्यापासून त्यांच्या वाट्याला एकही धड चोर आला नव्हता. बाईंकडे येणारे लोक शेतीवाले. कुणाच्या कोंबड्या अंडी देईनात, कुणाच्या बागेत एकच ओळ सुकलेली. बाई जायच्या, सगळं शेत एका कागदावर काढायच्या आणि खोट कुठे आहे ते सांगून परत यायच्या. जमादार सोबत जायचे, कारण घरी बसून त्यांना करमत नसे.

"बसा," बाई म्हणाल्या. "काय चोरीला गेलंय?"

"दूध."

आक्कांनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं. चाळीस गायी. त्यातल्या बत्तीस जुन्या, त्यांचं दूध मशीन काढतं. आठ पहिलारू, म्हणजे पहिल्याच वेताच्या. त्या मशीनला बुजतात म्हणून त्यांची धार तात्या हातानं काढतो. एकतीस वर्षं तो गोठ्यात आहे. पाच आठवड्यांपासून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दूध तेरा-चौदा लिटर कमी भरतं. बाकीचे दिवस ठीक. आणि कमी येतं ते फक्त त्या आठ गायींचं.

"म्हणजे तात्यांच्या हाताखालचंच," जमादार म्हणाले.

"माझा धाकटा भाऊही तेच म्हणतो. गोठा तोच बघतो. त्यानं तात्याला दोनदा पाहिलं, बादलीवर फडकं टाकून शेडच्या मागे जाताना. विचारलं, तर तात्या गप्प. भाऊनं तात्याच्या खोलीसाठी नवं कुलूपसुद्धा आणून ठेवलंय."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

आक्कांनी पदरानं कपाळ पुसलं. "मला वाटून काय उपयोग? एकतीस वर्षं ज्याच्या हातचं दूध प्यायलो, त्याला चोर म्हणताना जीभ वळत नाही. पण बाकी काही सुचतही नाही."

बाईंनी जुना कागद गुंडाळला आणि कोरा काढला. "आज बुधवार. दुपारी येतो आम्ही."

*

शेत उतारावर होतं. सगळ्यात वर टाकी, तिच्या खाली गोठा आणि भिंत घातलेलं मोकळं आवार, आणखी खाली भाजी धुऊन पेट्यांत भरायची शेड, आणि तळाला रस्ता. गोठा इतका नेटका होता की जमादारांना स्वतःच्या बुटांची लाज वाटली. धाकटा भाऊ दारातच भेटला. दाढी घोटलेली, खिशात दोन पेनं, हातात वही.

"या. आक्काला खात्री करून घ्यायचीय, तर घेऊ दे," तो म्हणाला. "माझी खात्री कधीच झालीय."

"पाणी घातलेलं असेल दुधात?" जमादारांनी विचारलं.

"पाणी घातलं तर फॅट उतरते. इथे उलट आहे. त्या दोन दिवशी पहिलारूंच्या दुधाची फॅट नेहमीपेक्षा जरा चढीच येते. हे बघा." त्यानं वही पुढे केली. "म्हणजे भेसळ नाही, सरळ काढून न्यायचं काम. शुद्ध चोरी!"

"शुद्ध चोरी," बाई म्हणाल्या आणि वहीतली ओळ आपल्या कागदावर उतरवून घेतली. "अलीकडे गोठ्यात काही बदललंत?"

"पाण्याचा हौद बदलला. जुना सिमेंटचा होता, लांबलचक. त्यात दोन-दोन दिवसांचं पाणी साचायचं, शेवाळ धरायचं. आता हा छोटा आहे. प्यायल्या की वरून आपोआप भरतो, पाणी कायम ताजं. पण हौदावर शंका घेऊ नका बरं का. तो बसवून दोन महिने झाले. पहिले तीन आठवडे दूध कमी नव्हतं, उलट थोडं वाढलं होतं."

चार वाजले होते. दूध काढून झालेल्या गायी आवारात सुटल्या आणि थेट हौदाकडे गेल्या. आधी जुन्या, मग पहिलारू. नळातून मनगटाएवढी धार पडत होती. चाळिसांच्या चाळीस प्यायल्या तरी हौद काठोकाठ.

"पाण्याची काही अडचण नाही," जमादारांनी बाईंच्या कानात सांगितलं. "हौद खोडून टाका."

"दूध काढल्यावर गाय सगळ्यात जास्त पिते," बाई म्हणाल्या. "पुढे काय करता यांचं?"

"पाचला आत घेऊन दावणीला बांधायच्या. वैरण टाकायची. सकाळपर्यंत तिथेच."

"दावणीवर पाणी?"

"नाही. आत ओल नको, म्हणून. सहाला मी शेवटची फेरी मारतो. हौद भरलेला आहे ना, दार लागलंय ना, बघतो आणि घरी जातो. रोज, न चुकता."

"चार ते पाच तुम्ही कुठे असता?"

"मशीन धुतो. ते काम मी कुणावर सोडत नाही."

जमादार तोवर भिंतीच्या कडेनं निघाले होते. टाकीचा पाइप त्या भिंतीवरूनच हौदाकडे आला होता. हौदापासून वीसेक पावलांवर त्यांना जे दिसलं, त्यानं त्यांच्या अंगात पुन्हा तरुणपणचं रक्त खेळलं. पाइपाच्या जोडाखाली, जमादारांच्या छातीच्या उंचीवर, भिंतीचा गिलावा हातभर जागेत गुळगुळीत झाला होता. घासून घासून चकाकी आलेली.

"बाई! इथून चढतो तो! अंग घासल्याची खूण बघा."

बाईंनी त्या जागेवर बोट फिरवलं. बोट ओलं झालं. वर पाइपाच्या जोडावर एक थेंब लटकत होता. मग त्यांनी खाली पाहिलं. चिखलात खुरांचे ठसे एकावर एक उमटलेले.

"आणि बुटांचे कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

जमादारांनी वाकून पाहिलं. बुटांचे नव्हते. "अनवाणी असेल," ते म्हणाले, पण आवाजात जोर राहिला नव्हता.

*

भाजीच्या शेडमध्ये आक्कांची सून होती. बाह्या सरसावलेल्या, ओढणी कमरेला बांधलेली. धुण्याचं लांब टाकं तेव्हा कोरडं होतं.

"दूध? मला दुधातलं काही विचारू नका," ती हसून म्हणाली. "मामा मला गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. माझ्या पायांना म्हणे भाजीचा चिखल असतो."

"तुमचं काम कधी असतं?"

"सोमवार आणि गुरुवार, गाडीचे दिवस. आधी सकाळी धुवायचो. गाडी रात्री यायची, तोवर पालेभाजीनं मान टाकलेली असायची. मी गाडीवाल्याच्या मागे लागले, शेवटी तो संध्याकाळी सहाला यायला तयार झाला. आता दुपारी भाजी काढायची, तीन ते पाच धुवायची, साडेपाचला पेट्या तयार. पाच आठवडे झाले, एक पान परत आलं नाही!"

"पाणी पुरतं?"

"धो-धो येतं. सगळ्यात खाली आहोत ना आम्ही. चारही नळ एकदम सोडते."

बाहेर आल्याबरोबर जमादारांनी मांडीवर थाप मारली. "गाडीवाला! सोमवार, गुरुवार. त्याच्या दुसऱ्याच दिवशी दूध कमी. पाच आठवडे दोन्हीकडे. तात्या बादली शेडमागे नेतो, गाडीवाला घेऊन जातो. जुळलं की नाही?"

"दिवस छान जुळवलेत," बाई म्हणाल्या. जमादारांची छाती फुगली. "पण गाडी जाते संध्याकाळी आणि दूध कमी येतं दुसऱ्या दिवशी सकाळी. उद्या सकाळचं दूध तो आज संध्याकाळी कसं नेणार?"

जमादार मुकाट्यानं गोठ्याकडे चालू लागले.

*

तात्या किटल्या धुवायच्या खोलीत होता. हाडं मोठी, मांस थोडं, आणि हात असे की किटलीचं झाकण त्यात बशीसारखं दिसावं. धाकटा भाऊ दारात उभा राहिला. बाईंनी त्याला काही न बोलता बाहेरची वाट दाखवली.

"तात्या, बादलीत काय असतं?" जमादारांनी ठेवणीतल्या आवाजात विचारलं.

तात्या किटली घासत राहिला.

"बोललात तर वाचाल. नाहीतर शनिवारी खोली रिकामी करावी लागेल."

"करीन."

"अहो, पण चोर म्हणून जाल!"

"म्हणू दे. दूध का कमी येतं ते मला कळलं असतं, तर सांगितलं नसतं का? त्या पोराला सायकल मी शिकवली. गुडघा फुटला तर माझ्याजवळ यायचा. आता तो वही दाखवतो. मी वहीला काय सांगू?"

बाई एका पालथ्या किटलीवर बसल्या. "तुमच्या आठ पहिलारूंबद्दल सांगा."

तात्याचा हात थांबला. आठही गायींचं त्यानं असं वर्णन केलं, जसं कुणी आपल्या नाती दाखवावं. ही खादाड. ही रुसते. ही दूध देताना डोळे मिटते. "आणि एक कावरी. सगळ्यांत भित्री. बाकीच्यांनी शिंग नुसतं हलवलं तरी पळते. पण ओरडायला लागली तर आभाळ डोक्यावर घेते. बाकीच्या सात मुक्या. उपाशी ठेवा, उन्हात ठेवा, हूं की चूं नाही."

"कावरी रोज ओरडते?"

"नाही. एखाद्या दिवशी. दावणीला बांधली की सुरू होते." तो एकदम थांबला, जणू जास्त बोलून गेला.

बाईंनी नळाकडे पाहिलं. भिंतीत एक छोटी टाकी होती, तिला एक नळ आणि वर पाटी: 'फक्त किटल्यांसाठी.'

"ही पाटी कुणाची?"

"भाऊची. गेल्या वर्षी कुणीतरी इथलं पाणी वापरलं, किटल्या धुवायला उरलं नाही, सगळं दूध नासलं. तेव्हा त्यानं शब्द घेतला माझ्याकडून. इथलं पाणी दुसऱ्या कशाला नाही." तात्यानं किटली पालथी घातली. "शब्द दिला होता मी."

बाई किटलीवरून उठल्या. जाताना त्यांनी धाकट्या भावाकडून वही पुन्हा मागितली, एकेका गायीचा आकडा वेगळा पाहिला आणि एका ओळीखाली नखानं रेघ ओढली. जमादारांनी डोकावून पाहिलं. आठांपैकी सात गायींचं दूध त्या दोन दिवशी घटत होतं. आठवीचं एक थेंबही नाही. आठवी कावरी होती.

"लाडकी आहे ना त्याची," जमादार म्हणाले. "तिचं चोरत नाही."

"उद्या चारला सगळ्यांना आवारात बोलवा," बाई आक्कांना म्हणाल्या. "आणि सूनबाईंना सांगा, धुणं थांबवायचं नाही. माणसं धुवू देत. त्यांनी फक्त वर यावं."

*

गुरुवारी चार वाजता भिंतीजवळ सगळे उभे होते. आक्का मध्ये. एका बाजूला धाकटा भाऊ, सारखं घड्याळ बघत. दुसऱ्या बाजूला सूनबाई, मामांपासून दोन हात लांब, आपल्या पायांकडे बघत. तात्या जरा मागे.

"माझं मशीन तसंच पडलंय," भाऊ म्हणाला.

"माझ्याही पेट्या पडल्यात," सूनबाई म्हणाली.

"म्हणूनच बोलावलं," बाई म्हणाल्या. "गुरुवारी चार ते पाच तुमच्यापैकी कुणीही इथे कधी उभं राहिलेलं नाही. भाऊ मशीनपाशी, सूनबाई खाली, तात्या किटल्यांपाशी, आक्का घरात. आता बोलू नका. फक्त बघा."

गायी सुटल्या. जुन्या बत्तीस हौदाला भिडल्या. काठोकाठ भरलेला हौद बघता बघता उतरला. नळातून धार पडत होती, पण ती कालची धार नव्हती. आज ती करंगळीपेक्षा बारीक होती. पंधरावी-सोळावी गाय प्यायली आणि हौदाचा तळ दिसला. मागच्या गायी तळ चाटत उभ्या राहिल्या, कडेला ढुशा सुरू झाल्या.

पहिलारू पुढे आल्याच नाहीत. थोडा वेळ त्या लांबून बघत राहिल्या. मग त्यांतली एक भिंतीकडे वळली, पाइपाच्या जोडाखाली गेली आणि ओला गिलावा चाटू लागली. मागून दुसरी गेली. मग तिसरी.

जमादारांनी आपला चोर ओळखला आणि मान खाली घातली.

"पण हौद तर भरलेला असतो," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "सहाला मी स्वतः बघतो."

"सहाला असतोच. पाचला खालचे नळ बंद होतात, हौद भरायला लागतो. पण पाचला गायीही आत जातात. भरलेला हौद तुम्ही बघता, गायी बघत नाहीत."

बाईंनी आपला कागद भिंतीवर धरला. टाकी, पाइप, गोठा, शेड, आणि प्रत्येकाशेजारी एक-एक छोटं घड्याळ काढलेलं.

"सुरुवात मी फॅटपासून केली. भाऊ, किटलीतलं दूध कुणी काढून नेलं, तर उरलेल्या दुधाची फॅट आहे तेवढीच राहते. पाणी घातलं तर उतरते. तुमची चढत होती. एवढ्यावर मी कुणाला निर्दोष म्हणणार नाही, पण माझ्या मनात आलं, दूध किटलीतून गेलेलं नसावं. गायीनंच कमी दिलं असावं. गाय तहानलेली राहिली की दूध कमी देते, पण दाट देते."

"मग आठच का?" आक्कांनी विचारलं.

"कारण त्या सगळ्यांत मागे असतात. जुन्यांना अर्धं-मुर्धं तरी मिळतं. त्यांचं दूध घटलंच असेल तर थोडं, बत्तीस गायींच्या दुधात ते दिसून येत नाही. या आठांना काहीच मिळत नाही, आणि यांचंच दूध तात्या काढतात. म्हणून बोट त्यांच्याकडे गेलं."

"पण हौद दोन महिन्यांचा आहे!" भाऊ म्हणाला.

"आणि धुणं पाच आठवड्यांचं. तुमचा जुना हौद असता, तर धार बारीक झाली तरी साठलेलं पाणी चाळिसांना पुरलं असतं. सूनबाईंचं धुणं सकाळी असतं, तर छोटा हौदही पुरला असता. काल पुरलाच की, जमादारांनी तो खोडायलासुद्धा सांगितला होता. दोन्ही बदल चांगले. दोघांनीही आपापलं काम सुधारलं. पण पाइप एकच आहे, शेड खाली आहे, आणि चार नळ एकदम सुटले की वरच्याला उरलंसुरलं मिळतं. सोमवारी आणि गुरुवारी, चार ते पाच. दूध कमी मंगळवारी आणि शुक्रवारी."

"मला काय माहीत वर काय होतं!" सूनबाईचा चेहरा उतरला होता. "मला इथे येऊच देत नाहीत."

भाऊनं तिच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं. मग तो एकदम तात्याकडे वळला. "पण बादली? ती तर मी डोळ्यांनी पाहिलीय!"

त्याच क्षणी कावरी ओरडली. मान वर करून, किटल्यांच्या खोलीकडे बघून, असा हंबरडा फोडला की आक्कांनी कानांवर हात ठेवले.

"तिलाच विचारा," बाई म्हणाल्या. "आठांपैकी सातांचं दूध घटतं, तिचं नाही. जमादार म्हणाले, लाडकी आहे. ते अगदी बरोबर आहे. ज्या दिवशी ती ओरडते, त्या दिवशी तात्या तिला बादलीभर पाणी नेऊन पाजतात. किटल्यांच्या नळाचं. ते न वापरायचा शब्द त्यांनी दिला होता, म्हणून वर फडकं आणि म्हणूनच कुणाला दिसू नये असा शेडमागून वळसा. तुम्ही ज्या बादलीवरून त्यांना चोर ठरवलंत, तीच एक बादली या शेतात योग्य ठिकाणी जात होती."



"खरं का तात्या?" आक्कांनी विचारलं.

"शब्द मोडला मी," तात्या म्हणाला. "ते खरं."

"अहो, पण सांगायचं नाही का?"

"मला वाटलं, ही घाबरट, पुढे जात नाही, म्हणून तहानलेली राहते. बाकीच्या सात..." त्यानं भिंत चाटणाऱ्या गायींकडे पाहिलं. "त्या ओरडल्या नाहीत. मला कळलंच नाही."

आक्कांनी शेडच्या दिशेनं हात हलवला, हाक मारली. खालचे नळ बंद झाले. क्षणभर काही झालं नाही. मग पाइप आतून गुरगुरला आणि हौदात मनगटाएवढी धार कोसळली. बत्तीस गायी पुन्हा प्यायल्या, बाजूला झाल्या, आणि सात पहिलारू दबकत दबकत हौदाशी आल्या.

"गाडी सहाचीच ठेवा, हौदही हाच ठेवा," बाई कागद गुंडाळत म्हणाल्या. "नळ फक्त चार ते पाच बंद. तेवढा वेळ पेट्या भरा. आणि आठवड्यातून एकदा एकमेकांच्या जागेवर एक तास उभे राहत जा."

"मामा, माझे पाय..." सूनबाई म्हणाली.

"धुऊन ये," भाऊ पुटपुटला. "पाणी आहे आता."

कावरी मात्र हौदाकडे गेली नव्हती. ती अजून किटल्यांच्या खोलीकडे बघत होती. भाऊनं खिशातून नवं कुलूप काढलं, आक्कांच्या हातात दिलं आणि खोलीत गेला. 'फक्त किटल्यांसाठी' लिहिलेल्या नळाचा आवाज बाहेरपर्यंत आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात तात्याचीच बादली होती, आणि सवयीनं म्हणा की लाजेनं, त्यानं तिच्यावर तेच फडकं टाकलं होतं.

तो सरळ कावरीच्या तोंडासमोर गेला. ती चार पावलं मागे सरली. तो आणखी पुढे. पाणी त्याच्या इस्त्रीच्या पॅन्टवर सांडलं.

"समोरून नको," तात्या भिंतीपासून म्हणाला. "बाजूनं ये. सायकलवर चढवायचो ना तुला, तसं हळू. आणि ते फडकं काढ आधी. आता काय झाकायचंय?"